छोट्या विमानातून दोघांची मेक्सिकोवारी: बारा दिवसांत किती उडावे आणि किती थांबावे

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमच्या पत्नी सॅन डिएगोत राहता. गेल्या वर्षी तुम्ही चांगल्या स्थितीतले एक जुने सेस्ना १८२ विमान विकत घेतले, आणि तुमच्या खात्यावर साडेतीनशे तासांचे उड्डाण आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस मिळणाऱ्या बारा दिवसांच्या सुट्टीत बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातले देवमासे, कॉपर कॅन्यनची दरी, वाहाका शहर आणि युकातानमधले माया संस्कृतीचे अवशेष हे सारे एकाच फेरीत पाहून परत यायचे आहे. पत्नी वैमानिक नाहीत, त्यांना पोहता येत नाही आणि पाण्यावरून उडण्याची भीती वाटते, हे मात्र तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि या उत्तराची मांडणी मी तिच्याभोवतीच करणार आहे. मी अ‍ॅरिझोनात राहतो आणि गेली अनेक वर्षे पत्नीसोबत आमच्या एक इंजिनाच्या विमानाने मेक्सिकोत जातो. खाली जे लिहितो आहे ते त्या अनुभवातून आलेले आहे.

प्रथम आराखड्याविषयी. तो तुम्हाला निम्म्याहून अधिक कापावा लागेल. सॅन डिएगोहून युकातानमधले मेरिदा सरळ रेषेतसुद्धा दीड हजार सागरी मैलांपेक्षा दूर आहे. तुमचे विमान १३० नॉटने, म्हणजे ताशी १३० सागरी मैलांनी गेले तरी एका दिशेला बारा तासांपेक्षा जास्त उड्डाण होते. हे बारा तास अमेरिकेत असते तसे हवे तेव्हा, रात्री-अपरात्री पुरे करता येत नाहीत, कारण मेक्सिकोत डोळ्यांनी बाहेर पाहून, म्हणजे व्हीएफआर पद्धतीने उडणाऱ्या छोट्या विमानाला सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच मुभा असते. उतरण्याची अपेक्षित वेळ सूर्यास्तानंतरची असेल तर विमानतळावरचे अधिकारी फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा लेखी तपशील, स्वीकारतच नाहीत. इंधन, कागदपत्रे आणि हवामान यांचा वेळ धरला तर मेरिदाला जाण्यातच चार दिवस जातात आणि परतीला तेवढेच. उरलेल्या चार दिवसांत थकलेली दोन माणसे काय पाहणार?

वाहाकाबद्दलचे माझे मत वेगळ्या कारणासाठी तेच आहे. ते शहर सुमारे ५,००० फुटांवर आहे, आणि वाटेतले मध्य पठारावरचे विमानतळ त्याहूनही उंच आहेत. मोरेलिया सुमारे ६,००० फुटांवर, केरेतारो सुमारे ६,३०० फुटांवर आणि तोलुका तर जवळजवळ ८,५०० फुटांवर आहे. ६,००० फुटांवर प्रमाण तापमान ३ अंश सेल्सिअस धरलेले असते. तिथे दुपारी २८ अंश तापमान असेल तर तापलेली हवा आणखी विरळ झाल्याने विमानाच्या लेखी ती धावपट्टी ९,००० फुटांवर असते. टर्बोचार्जर, म्हणजे हवा दाबून भरणारे यंत्र, नसलेल्या इंजिनाची पाव शक्ती तिथे नुसत्या विरळ हवेने खाल्लेली असते. इंधन आणि सामानाने भरलेले विमान अशा ठिकाणाहून भर दुपारी उडवणे हे साडेतीनशे तासांच्या वैमानिकाने पहिल्याच परदेश फेरीत करावे असे मला वाटत नाही. पहाटे, अर्ध्या टाक्यांनिशी, आधी सराव करून ते निश्चित जमते, पण ते पुढच्या एखाद्या वर्षी करावे.

कॉपर कॅन्यनही मी याच कारणाने पुढे ढकलायला सांगेन, पण त्याची वाट आत्ताच सांगून ठेवतो. विमान घेऊन थेट डोंगरात जाण्याची गरज नाही. लोस मोचिस समुद्रसपाटीवर आहे. तिथे टॉवर असलेल्या विमानतळावर विमान बांधून ठेवावे आणि 'चेपे' नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेने एल फुएर्ते, दिविसादेरो, क्रील असे चढत जावे. १९६१ साली पूर्ण झालेल्या या मार्गावर ८६ बोगदे आणि ३७ पूल आहेत. कोकण रेल्वेने रत्नागिरीपलीकडे गेलेल्या माणसाला त्या प्रवासाची गोडी वेगळी सांगावी लागणार नाही. मात्र त्यासाठी गाडीचे आणि मुक्कामाचे मिळून किमान चार दिवस हवेत, आणि ते या बारा दिवसांतून काढता येणार नाहीत.

मग उरतो तो बाहा कॅलिफोर्नियाचा द्वीपकल्प, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच्याइतके चांगले ठिकाण तुमच्यासाठी दुसरे नाही. मी सुचवतो तो मार्ग असा आहे. सॅन डिएगोहून अमेरिकेच्या हद्दीतच पूर्वेला कॅलेक्सिकोच्या खोऱ्यापर्यंत जावे, तिथून दक्षिणेला वळून सीमा ओलांडावी आणि सान फेलिपेला उतरावे. हा वळसा थोडा लांबचा आहे, पण त्यामुळे सीमेपलीकडे डोंगरांऐवजी सपाट वाळवंट पायाखाली राहते. सान फेलिपेच्या पश्चिमेला सान पेद्रो मार्तिर डोंगररांगेतले पिकाचो देल दियाब्लो हे शिखर १०,००० फुटांहून उंच आहे आणि पश्चिमेचा वारा जोरात असला की त्याच्या पूर्व उतारावर हवा फार उसळते. दुसऱ्या दिवशी सान फेलिपे ते गेरेरो नेग्रो, सुमारे १८० सागरी मैल. तिथे दोन रात्री. मग लोरेतो, आणखी १८५ ते १९० मैल. लोरेतोत चार रात्री. बाकीचे दिवस परतीसाठी आणि काहीही न करण्यासाठी.

हे 'काहीही न करण्याचे' दिवस मी उदारपणे दिलेले नाहीत, त्यांच्यावरच सहलीची सुरक्षितता उभी आहे. हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या आखातावर, म्हणजे द्वीपकल्प आणि मेक्सिकोची मुख्य भूमी यांमधल्या समुद्रावर, उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. स्थानिक लोक त्याला 'नोर्ते' म्हणतात, आणि तो एकदा सुरू झाला की दोन-तीन दिवस थांबत नाही. अशा वेळी ज्यांच्या आराखड्यात रिकामा दिवस नसतो ते उडतात. ज्यांच्या आराखड्यात असतो ते सकाळी धावपट्टीवरच्या वाऱ्याच्या मोज्याकडे एकदा पाहून परत न्याहारीला बसतात. आमच्या दुसऱ्या फेरीत आमच्याकडे असा दिवस नव्हता. एका विमानतळावर कागदपत्रांना अपेक्षेपेक्षा दोन तास जास्त लागले, तरीही मी निघालो, कारण पुढच्या मुक्कामाची खोली राखलेली होती. सूर्यास्ताला वीस मिनिटे उरली असताना, पश्चिमेला डोळे दिपवणारा सूर्य आणि आडवा वारा अशा स्थितीत आम्ही उतरलो. पत्नी वाटेत एक शब्दही बोलली नाही. रात्री तिने सांगितले, की तिला निघायचेच नव्हते, पण माझी घाई पाहून ती गप्प राहिली. त्या दिवसापासून आमचे दोन नियम आहेत. दुपारी एकनंतर उड्डाण सुरू करायचे नाही, आणि दोघांपैकी कोणीही 'आज नको' म्हटले तर कारण न विचारता त्या दिवशी जायचे नाही. हे दोन्ही नियम तुम्ही निघण्यापूर्वीच, घरी बसून ठरवा. धावपट्टीच्या टोकाला ते ठरत नाहीत.

आता पाण्याविषयी. तुमच्या पत्नींना हे स्पष्ट सांगा, की वर दिलेल्या मार्गावर आखात ओलांडावे लागतच नाही. द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने जायचे आणि त्याच किनाऱ्याने परत यायचे, एवढे केले तर कोरडी जमीन कधीही नजरेआड होत नाही. तेवढ्यावर समाधान मानले तरी सहलीत काही कमी पडणार नाही. अनेक जण मात्र परतीला आखात ओलांडून सोनोरा राज्यातून येतात, आणि तुमच्याही मनात ते असेल म्हणून हिशेब मांडतो. द्वीपकल्पावरच्या सांता रोसालियाहून सोनोरातल्या ग्वायमासला सरळ गेल्यास सुमारे ८० सागरी मैल पाणी आहे. तुमचे विमान इंजिन बंद पडल्यास दर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जाते. म्हणजे ९,५०० फुटांवरून सुमारे १४ मैल. दोन्ही किनाऱ्यांचे १४-१४ मैल वजा केले तरी मधले ५२ मैल, म्हणजे जवळजवळ २४ मिनिटे, असे उरतात की इंजिन थांबल्यास पाण्यातच उतरावे लागेल. लोरेतोहून लोस मोचिसला सरळ गेल्यास हा काळ अर्ध्या तासावर जातो.

याला पर्याय उत्तरेला आहे. २८ आणि २९ अक्षांशांच्या दरम्यान आखातात बेटांची माळ आहे. द्वीपकल्पाचा किनारा सोडला की सान लोरेन्सो, मग सान एस्तेबान, मग तिबुरॉन आणि मग लगेच सोनोराचा किनारा. एका बेटापासून दुसऱ्यापर्यंतचे पाणी इतके कमी आहे, की पुरेशा उंचीवरून जाणारे विमान सतत कोणत्या ना कोणत्या जमिनीच्या तरंगण्याच्या अंतरात राहते. ही बेटे खडकाळ आहेत, तिथे उतरणे सुखाचे नाही, पण पोहता न येणाऱ्या माणसासाठी किनाऱ्याजवळचा खडक आणि भर आखात यांत फार अंतर आहे. सान लोरेन्सोच्या वायव्येला दिसणारे मोठे बेट आन्हेल दे ला ग्वार्दा. तिबुरॉन हे मेक्सिकोतले सर्वांत मोठे बेट आहे आणि ते कोमकाक म्हणजे सेरी लोकांच्या मालकीचे आहे. या सर्व बेटांना २००५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. स्वच्छ सकाळी वरून दिसणारा त्यांचा तांबूस रंग आणि खालचे हिरवे पाणी हे माझ्या पत्नीला आजही सगळ्या फेऱ्यांतले सर्वांत सुंदर दृश्य वाटते. लोरेतोहून या वाटेने सोनोराची राजधानी एर्मोसियो सुमारे २७० मैल पडते. जायचे की नाही हे लोरेतोत तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठरवा, आणि तो निर्णय पत्नींना घेऊ द्या.

ओलांडायचे ठरले वा न ठरले, तरी फुगणारी जॅकेटे दोघांच्या अंगावर असावीत. मागच्या आसनावर ठेवलेले जॅकेट घालायला त्या क्षणी वेळ नसतो. ते विमानाच्या आत कधीही फुगवायचे नाही, कारण फुगलेले जॅकेट घातलेला माणूस बुडत्या केबिनच्या छताला चिकटतो आणि दारातून बाहेर पडू शकत नाही. पाण्यावर टेकण्यापूर्वी दारे उघडून ठेवायची असतात. हे नुसते वाचून उपयोगाचे नाही. निघण्याच्या महिनाभर आधी एखाद्या तलावात, प्रशिक्षक सोबत घेऊन, पत्नींनी अंगावरच्या कपड्यांनिशी जॅकेट फुगवून पाण्यात दहा मिनिटे राहून पाहावे. पोहता येत नसले तरी पाणी आपल्याला वर धरते हे शरीराला एकदा कळले, की भीती निम्मी होते. माझ्या पत्नीच्या बाबतीत हे घडलेले मी पाहिले आहे. याशिवाय ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत देणारे वैयक्तिक बचावयंत्र एकाच्या तरी खिशात असावे. बॅगेत ठेवू नये.

पत्नींची भूमिका याहून मोठी असली पाहिजे. अमेरिकेत वैमानिक नसलेल्या जोडीदारांसाठी 'पिंच हिटर' नावाने ओळखले जाणारे छोटे अभ्यासक्रम असतात. तो नसला तरी एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाबरोबर पाच-सहा तास त्यांनी उजव्या आसनावरून विमान सरळ धरणे, वळवणे, रेडिओवर मदत मागणे आणि लांब धावपट्टीवर कसेतरी पण सुखरूप उतरवणे शिकून घ्यावे. तो प्रशिक्षक तुम्ही नसावे. नवऱ्याने बायकोला मोटार शिकवताना जे होते तेच विमानात होते, आणि तिथे बाजूला घेऊन थांबता येत नाही. सहलीत चेकलिस्ट मोठ्याने वाचणे, नकाशावरची जागा दर दहा मिनिटांनी सांगणे, इंधनाची नोंद ठेवणे ही कामे त्यांच्याकडे द्या. ज्याच्या हाताला काम असते त्याचे मन पाण्याकडे कमी जाते, आणि तुमच्या मनावरचा भारही खरोखर हलका होतो.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा आहे, पण सहली हवामानापेक्षा त्यावरच जास्त अडतात. विमानाची पक्की नोंदणी हवी. खरेदीनंतर मिळणारी तात्पुरती प्रत देशाबाहेर चालत नाही, आणि तुमचे विमान गेल्याच वर्षी घेतलेले असल्याने हे आधी तपासा. हवाईयोग्यता प्रमाणपत्र, मेक्सिकोतील विमा कंपनीने दिलेली दायित्वाची पॉलिसी, तुमचा परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तर हवेच. अमेरिकेत देशांतर्गत उडताना ज्यांची गरज पडत नाही अशी दोन कागदपत्रे बहुतेकांकडून राहतात: विमानाच्या रेडिओचा परवाना आणि वैमानिकाचा रेडिओ वापरण्याचा परवाना. पहिला दहा वर्षांचा असतो, दुसरा आयुष्यभराचा. शिवाय अमेरिकी सीमाशुल्क विभागाचे वर्षाचे स्टिकर दाराजवळ लावलेले असावे. विमान कंपनीच्या किंवा भागीदारांच्या नावावर असेल तर मालकाचे नोटरी केलेले संमतीपत्र लागते. तुमचे स्वतःच्या नावावर आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. सर्व कागदांच्या पाच-पाच प्रती काढून ठेवा. छोट्या विमानतळावर प्रत काढण्याचे यंत्र शोधण्यात अर्धी सकाळ जाते.

तुम्ही अमेरिकी नागरिक आहात आणि पत्नींकडे भारतीय पासपोर्ट व ग्रीन कार्ड आहे असे तुम्ही लिहिले आहे. अमेरिकेचे कायम वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असलेल्यांनाही ती सवलत आहे, पण व्हिसाची मुदत संपून केवळ अमेरिकेतील मुक्कामाची मंजुरी हातात असलेल्यांनी त्यावर विसंबू नये. ग्रीन कार्ड मूळ स्वरूपात सोबत हवे, फोटो चालणार नाही. नावांबाबत मात्र आपण मराठी माणसांनी विशेष दक्ष राहावे. आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या नावात येते, ग्रीन कार्डवर ते कधी असते कधी नसते, आणि लग्नानंतर बदललेले आडनाव एकाच कागदावर बदललेले असते. अमेरिकी सीमाशुल्क विभागाकडे 'ई-एपिस' प्रणालीतून जाताना आणि येतानाही प्रवाशांची यादी पाठवावी लागते, प्रत्येक वेळी निघण्याच्या किमान एक तास आधी. त्यातले नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. परतीची यादी घरून निघण्यापूर्वीच भरून ठेवावी, कारण गेरेरो नेग्रोत किंवा सान फेलिपेत इंटरनेट मिळेलच असे नाही. वेळ बदलली तर नंतर फोनवर कळवता येते.

सीमा ओलांडताना फ्लाइट प्लॅन आवश्यक आहे, आणि मेक्सिकोतले पहिले उतरणे प्रवेश विमानतळावरच, म्हणजे इमिग्रेशन आणि सीमाशुल्काची सोय असलेल्या विमानतळावरच, व्हावे लागते. सान फेलिपे तसा विमानतळ आहे. उतरल्यावर बहुधा पहिल्यांदा भेटतात ते लष्कराचे जवान. ते बहुतेक वेळा विशीतली मुले असतात, कुठून आलात, कुठे चाललात एवढे विचारतात आणि सामान पाहतात. उतरून 'बुएनोस दियास' म्हणावे, हसून उत्तर द्यावे, त्यांची छायाचित्रे काढू नयेत. मग इमिग्रेशनचे प्रवासी पत्र, सीमाशुल्काकडून विमानाचे प्रवेशपत्र, आणि 'कोमांदान्सिया' नावाच्या कार्यालयात फ्लाइट प्लॅन व शुल्क. याला एक ते दोन तास धरा. पेसोत रोख पैसे ठेवा. विमानाचे एकवेळचे प्रवेशपत्र देश सोडताना परत करायचे असते आणि शेवटचे उड्डाणही प्रवेश विमानतळावरूनच व्हावे लागते, म्हणजे तुमच्या बाबतीत सान फेलिपे किंवा एर्मोसियो. एक गोष्ट मात्र घरीच करा: विमानाचा कानाकोपरा, आसनांखालची जागा, जुन्या मालकाने ठेवलेल्या पेट्या रिकाम्या करून पाहा. बंदुकीची एखादी विसरलेली गोळीसुद्धा मेक्सिकोत गंभीर गुन्हा ठरते.

इंधन विमानतळांवर बहुधा 'आसा' या सरकारी संस्थेकडून मिळते. ते लिटरमध्ये विकले जाते, आणि एका गॅलनचे ३.७८५ लिटर होतात. पिस्टन इंजिनाचे पेट्रोल प्रत्येक विमानतळावर दर दिवशी असेलच असे समजू नका. जेट इंधन असते म्हणजे आपलेही असेल, हा गैरसमज महागात पडतो. म्हणून मी हिशेब असा करतो, की मधल्या कोणत्याही थांब्यावर इंधन मिळाले नाही तरी अडू नये. तुमच्या टाक्यांत ८८ गॅलन, म्हणजे सुमारे ३३३ लिटर वापरण्याजोगे इंधन बसते. सॅन डिएगोहून कॅलेक्सिकोच्या वळशाने सान फेलिपे, गेरेरो नेग्रो आणि लोरेतो मिळून सुमारे ५५५ सागरी मैल होतात. म्हणजे साडेचार तासांच्या आत, आणि चढण्याचा खर्च धरून साधारण ६० गॅलन. घरून टाक्या भरून निघालात तर लोरेतोला पोहोचल्यावरही दोन तासांचे इंधन उरते. लोरेतोला ते मिळेल ना, हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर विचारा, आणि वाटेत जिथे मिळेल तिथे भरत जा.

रेडिओवर नियंत्रक तुमच्याशी इंग्रजीत बोलतात, पण आजूबाजूची विमाने स्पॅनिशमध्ये बोलत असतात, आणि टॉवर नसलेल्या धावपट्टीवर तर फक्त स्पॅनिशच ऐकू येते. आकडे, दिशा, 'पिस्ता' म्हणजे धावपट्टी, 'फिनाल' म्हणजे उतरण्याचा शेवटचा टप्पा, एवढे शब्द दोघांच्याही कानाला सवयीचे करून घ्या. बाहाच्या बऱ्याच भागात रडारवरून तुम्हाला कोणी पाहत नसते. नियंत्रक तुमची जागा व्हीओआर या जमिनीवरच्या दिशादर्शक रेडिओ केंद्रापासूनच्या दिशेत आणि अंतरात विचारतात, ती तयार ठेवा.

घड्याळाविषयी दोन शब्द. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, पण सीमेलगतच्या भागांत आणि बाहा कॅलिफोर्निया राज्यात ती अमेरिकेबरोबर चालू आहे. २८ व्या अक्षांशाच्या दक्षिणेला बाहा कॅलिफोर्निया सुर राज्य लागते आणि तिथे फेब्रुवारीत सॅन डिएगोपेक्षा एक तास पुढची वेळ असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळे पुढे गेली, की दोन्हीकडे सारखीच वेळ होते. गेरेरो नेग्रोची गंमत अशी, की गाव त्या रेषेच्या दक्षिणेला आणि धावपट्टी किंचित उत्तरेला आहे. सूर्यास्ताची वेळ हा कायदा असलेल्या देशात एका तासाची चूक लहान नसते. एक घड्याळ जागतिक वेळेवर लावून सर्व नोंदी त्यातच ठेवा.

गेरेरो नेग्रोत सकाळी पॅसिफिककडून धुके येते, म्हणून तिथे पोहोचण्याची वेळ उशिरा सकाळची ठेवा आणि परत फिरण्याइतके इंधन नेहमी हातात ठेवा. सान फेलिपेहून निघताना आकाश निरभ्र असते आणि दोनशे मैलांवर धावपट्टी दिसत नाही, असे मी एकदा अनुभवले आहे. त्या दिवशी आम्ही निमूटपणे मागे फिरलो. या थोड्या गैरसोयीच्या मोबदल्यात मिळते ते मात्र अपूर्व आहे. ग्रे व्हेल जातीचे देवमासे उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत ओहो दे लिएब्रे आणि सान इग्नासियो या खाजणांत पिल्लांना जन्म द्यायला येतात. फेब्रुवारी आणि मार्च हा त्यांचा ऐन काळ. स्थानिक लोक 'पांगा' नावाच्या छोट्या होड्यांतून नेतात, आणि काही माद्या पिल्लांना घेऊन स्वतःहून होडीला लागून थांबतात. १९९३ पासून हे क्षेत्र जागतिक वारसा आहे. खाजणावरून विमानाने खाली घिरट्या घालण्याचा मोह टाळा. त्या पिल्लांना ती शांतता हवी असते, आणि पाहण्याचा खरा आनंद पाण्याच्या पातळीवरूनच मिळतो. होडीतही पत्नींच्या अंगावर जॅकेट असेल, आणि माझा अंदाज आहे की तिथे त्यांना पाण्याची आठवणही राहणार नाही.

लोरेतो १६९७ साली वसले. दोन्ही कॅलिफोर्नियांतले ते पहिले कायमचे ख्रिस्ती मिशन. मागे हिगांता डोंगररांग, समोर बेटे, आणि विमानतळ गावापासून अगदी जवळ. तुम्ही शाकाहारी आहात असे लिहिले आहे. मेक्सिकोत घेवड्याची घोटलेली उसळ आणि गव्हाच्या तोर्तिया यांत डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे, म्हणून 'सिन मान्तेका' हे दोन शब्द पाठ करा. मक्याच्या तोर्तियात ती सहसा नसते, आणि गरम तव्यावरची मक्याची तोर्तिया भाकरीवर वाढलेल्या माणसाला परकी वाटत नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या कच्च्या धावपट्ट्यांचे तुम्हाला आकर्षण आहे हे तुमच्या प्रश्नातून दिसते. पहिल्या फेरीत त्या वर्ज्य ठेवा. खडीने पंख्याची पाती जातात, अनेक विमा पॉलिसी तिथे लागू होत नाहीत, आणि काही जुन्या पट्ट्या लष्कराने तस्करीमुळे खणून बंद केल्या आहेत. रात्रीचा मुक्काम टॉवर आणि पहारा असलेल्या विमानतळावर करता येईल तिथे करा आणि पंख्याला कुलूप लावा.

परतताना सान फेलिपेहून कॅलेक्सिको, किंवा एर्मोसियोहून अ‍ॅरिझोनातले नोगालेस अथवा टुसॉन. अमेरिकेत शिरण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाला फोन करून उतरण्याची परवानगी मिळवावी लागते. केवळ ई-एपिस पाठवल्याने ती मिळत नाही. फोनवर बोललेल्या अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे आणि वेळ लिहून ठेवा. सीमेपूर्वी फ्लाइट प्लॅन चालू असावा, नियंत्रकाशी संपर्क असावा आणि ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, त्यांनी दिलेला स्वतंत्र क्रमांक असावा. कळवलेल्या वेळेच्या आधी उतरू नका, पाच मिनिटे उशीर झालेला चालतो. आंबा, पेरू किंवा कोणतेही ताजे फळ विमानात असेल तर ते जाहीर करावे लागते आणि बहुधा तिथेच टाकून द्यावे लागते, म्हणून शेवटच्या न्याहारीला ते संपवा. विमान ठरवून दिलेल्या चौकोनात उभे केल्यावर इंजिन बंद करा, पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि परवाने मांडीवर काढून ठेवा, आणि अधिकारी जवळ येऊन सांगेपर्यंत दोघेही आतच बसून राहा.